मिसिसिपीच्या काठाने, न बोलता

पंधरा जणांच्या गाडीत एक जागा रिकामी होती, म्हणून मी गेले. माझ्या जाण्यामागे याहून मोठे कारण नव्हते.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी अमरावतीहून लेकीकडे मेम्फिसला गेले होते. मेम्फिस हे टेनेसी राज्यातले, मिसिसिपी नदीच्या काठावरचे शहर. लेक आणि जावई सकाळी कामावर जात, ते दिवेलागणीला परत येत. मधला सगळा दिवस मोकळा. शेजारी एक कृष्णवर्णीय बाई राहत. पोस्टातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, उंचनिंच, आवाज असा की दोन घरे पलीकडे ऐकू जावा. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवले, तरी त्यांचे इंग्रजी कानांवर बसायला मला आठ दिवस लागले. लेक मला हाक मारते ती ऐकून त्यांना वाटले, ‘आई’ हेच माझे नाव. तिकडे दक्षिणेत मोठ्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावण्याची रीत आहे. मी ‘मिस आई’ झाले, ती शेवटपर्यंत.

या बाई त्यांच्या चर्चमधल्या तरुण मुलांना माइम शिकवीत, म्हणजे मूकाभिनय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बारा मुलामुलींना घेऊन त्या सहा दिवसांच्या ‘मिशन ट्रिप’ला निघणार होत्या. सगळी अठरा ते बावीस वयाची. मेम्फिसपासून मिसिसिपी राज्यातून खाली लुइझियानापर्यंत जायचे, वाटेत नर्सिंग होममध्ये आणि तुरुंगांत कार्यक्रम करायचे. गाडी त्यांचे यजमान चालवणार होते.

‘मिशन’ शब्दावर मी जरा सावध झाले. आपल्याकडे हा शब्द कसा ऐकला जातो, ते सांगायला नकोच. मी त्यांना सरळ विचारले, “लोकांचा धर्म बदलायला जाता का?” त्या मोठ्याने हसल्या. “मिस आई, ती म्हातारी माणसं माझ्या आधीपासून चर्चला जाताहेत. त्यांना कोण काय शिकवणार? त्यांच्याकडे कोणी जात नाही, म्हणून आम्ही जातो.” मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात भुकेल्याला जेवू घालण्याबरोबर तुरुंगातल्या माणसाला भेटण्याचेही सांगितले आहे. त्यांच्या मंडळाचा सगळा आधार तेवढाच.

“चला आमच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. लेकीने डोळे मोठे केले. मी चिवड्याचा डबा भरला.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणाचे इस्पितळ डोळ्यांसमोर येते. तिकडे त्याचा अर्थ वेगळा. ज्यांना स्वतःचे खाणेपिणे, उठणेबसणे जमत नाही, अशा बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी मुक्कामाला राहायची ती जागा. देशभरात अशा सुमारे १५ हजार संस्था आहेत आणि त्यांत १२ लाखांच्या आसपास माणसे राहतात. राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांतली माणसेही साधारण तेवढीच, बारा लाखांच्या घरात. गावोगावच्या छोट्या कोठड्यांतली निराळी. हे दोन आकडे मी लेकीकडून परत परत तपासून घेतले, कारण मला ते खरे वाटेनात.

या मुलांचा माइम मी आधी अंगणात पाहिला. फ्रान्सच्या मार्सेल मार्सोचे नाव आपल्या पिढीला माहीत आहे. १९४७ साली त्याने ‘बिप’ हे पात्र रंगवले आणि २००७ मध्ये मरेपर्यंत जगभर फिरवले. मार्सोचे ओठ मिटलेले असत. या मुलांचे तसे नाही. मागे ध्वनिफितीवर भक्तिगीत लागते आणि गाण्याचा शब्दन् शब्द ती हातांनी, खांद्यांनी, कधी पूर्ण देहाने दाखवतात. ओठही शब्दांबरोबर हलतात, पण आवाज काढायचा नाही. चेहरा पांढरा, डोळ्यांभोवती काळ्या रेघा, काळे कपडे आणि पांढरे हातमोजे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ही पद्धत रूढ करण्यात कार्ल आणि कीथ एडमंड्स या जुळ्या भावांचा मोठा वाटा आहे. ‘के अँड के माइम’ म्हणून ते ओळखले जातात. गोऱ्यांच्या चर्चमधली मुलेही माइम करतात, पण त्यात बहुधा गोष्ट असते. लाइफहाउस या बँडच्या ‘एव्हरीथिंग’ गाण्यावर एका मुलीला पैसा, दारू, रूपाचे वेड असे एकेक जण ओढून नेते आणि शेवटी ख्रिस्त मध्ये पडून तिला सोडवतो, हा प्रवेश तर अमेरिकेतल्या बहुतेक युवक मंडळांनी कधी ना कधी केलेला असतो.

गंमत अशी, की एके काळी चर्चला माइमचे नावही नको होते. इसवी सन ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या धर्मसभेने माइम करणाऱ्या नटांच्या खेळांवर बंदी घातली. तेव्हाचे माइम मुके नव्हते, चांगले वाह्यात बोलत. मला मात्र ही मुले पाहताना आपले एकनाथ महाराज आठवत होते. नाथांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, तसा ‘मुका’ही आहे. सोंग घेऊन देवाचे सांगण्यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही.

रंगाबद्दल मात्र मला विचारावेच लागले. याच देशात एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची टिंगल करीत. ‘जिम क्रो’ हे अशाच एका सोंगाचे नाव. पुढे काळ्या लोकांना वेगळे ठेवणाऱ्या सगळ्या कायद्यांना तेच नाव चिकटले. मग काळ्या मुलांनी तोंडाला पांढरे का लावायचे? बाई म्हणाल्या, “हा गोऱ्या माणसाचा रंग नाही. हा कोरा कागद आहे. समोरच्याला माझा चेहरा दिसू नये, गाणं दिसावं.” त्यांच्या आईला मात्र हे शेवटपर्यंत पटले नाही, असेही त्यांनीच सांगितले.

मंडळात एक वीस वर्षांचा मुलगा होता. सगळ्यांचे चेहरे तोच रंगवी. बोटाने पांढरा रंग सारखा पसरायचा, जुन्या पायमोज्यात भरलेली पावडर थापटून तो बसवायचा, मग काळ्या पेन्सिलीने डोळे. मी मनातल्या मनात त्याचे नाव रंगारी ठेवले. माझ्याकडेही एक काम आपसूक आले. रोजच्या कार्यक्रमानंतर चोवीस हातमोजे रंगाने आणि घामाने करडे होत. ते धुऊन वाळत घालणे माझ्याकडे लागले. फुकट नेताहेत, तर एवढे तरी करावे.

मेम्फिसहून दक्षिणेला निघाले की मिसिसिपीचा डेल्टा लागतो. जमीन अशी सपाट की क्षितिजापर्यंत नजर कुठे अडत नाही, आणि माती काळी. माझ्या माहेरची, दर्यापूरकडची आठवण व्हावी अशी. दोन्ही बाजूंना कपाशी होती, नुकती फुलावर आलेली. पहिल्या दिवशी पांढरे, दुसऱ्या दिवशी गुलाबी होणारे ते फूल पाहून मी गाडीत एकटीच “पऱ्हाटी!” म्हणून ओरडले. मुले दचकली. मग मी त्यांना सांगितले, की १८६१ ते १८६५ या काळात त्यांच्या देशात यादवी युद्ध झाले, इथला कापूस अडकला आणि इंग्रजांच्या गिरण्यांनी आमच्या वऱ्हाडाकडे आणि गुजरातकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशांचा पूर आला. युद्ध संपताच १८६५ साली भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्या आणि बँका धडाधड बुडाल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आमच्या खापरपणज्या सुटल्या तेव्हा तुमच्याकडची माणसं बुडाली.” गुलामगिरी याच युद्धाने संपली. हिशेब मी असा कधी मांडला नव्हता.

क्लार्क्सडेल गावाजवळ १९४४ मध्ये पेरणीपासून गाठी बांधण्यापर्यंत सगळा कापूस यंत्रांनी काढला गेला. मग हातांची गरज उरली नाही. लोक शिकागोकडे गेले. गावे अजून रिकामी वाटतात. दुकानांच्या काचा फळ्यांनी बंद, चर्च मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर.

पुढे ४९ नंबरच्या रस्त्यावर पार्चमन लागले. हा मिसिसिपी राज्याचा मोठा तुरुंग, १९०१ पासूनचा. भिंत नाही, लांबच लांब शेत आणि एक फाटक. १९६१ साली बसमध्ये काळ्यागोऱ्यांनी शेजारी बसण्याचा हक्क बजावायला निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’पैकी तीनशेहून अधिक जणांना इथे आणून कोंडले होते. ते कोठडीत गात. गाणे थांबवा, नाहीतर गाद्या काढून नेऊ, असे पहारेकऱ्यांनी बजावले. गाद्या गेल्या, गाणे चालूच राहिले. बाईंच्या यजमानांनी फाटकासमोरून जाताना गाडीचा वेग कमी केला. कोणी काही बोलले नाही.

मुक्काम चर्चच्या सभागृहात, जमिनीवर हवेच्या गाद्या टाकून. माझ्यासाठी मात्र प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी बाई घरचा पलंग देऊ करी. जेवणाचे विचारू नका. मी शाकाहारी म्हटल्यावर यजमान बायांच्या चेहऱ्यावर काळजी पसरे. घेवड्याच्या भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेले. मक्याचा पाव, चीजमधल्या शेवया आणि पाकासारखा गोड थंडगार चहा, यावर मी सहा दिवस काढले. चिवडा दुसऱ्याच दिवशी मुलांनी संपवला.

पहिल्याच नर्सिंग होमचे सांगते, कारण बाकीची तीन मला आता एकमेकांत मिसळून आठवतात. नॅचेझच्या अलीकडे एका लहान गावात ते होते. लांबट, एकमजली विटांची इमारत. दारावर अंकांचे कुलूप, आतल्या माणसांनी भ्रमात बाहेर पडू नये म्हणून. भिंतीवर महिन्याचा कार्यक्रम लिहिलेला: सोमवारी बिंगो, मंगळवारी नखे रंगवणे. आमच्या दिवसापुढे ‘पाहुणे’ एवढेच होते. अशा ठिकाणी स्वतःच्या पैशाने राहायचे तर वर्षाला लाख डॉलरच्या पुढे जातात. घरदार, शिल्लक संपली की सरकार भार उचलते. म्हणजे तिथे पोचलेल्या बहुतेकांजवळ स्वतःचे असे काही उरलेले नसते.

तिथल्या कार्यक्रम पाहणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सांगितली. मार्च २०२० मध्ये साथ आली आणि सगळ्या देशात या संस्थांची दारे भेटायला येणाऱ्यांसाठी बंद झाली. मुले, नातवंडे खिडकीच्या काचेबाहेर उभी राहून हात हलवीत. निर्बंध पूर्ण उठायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर देशभरच्या नर्सिंग होममधली एक लाखाहून कितीतरी अधिक म्हातारी माणसे गेली होती. “दारं उघडली,” त्या म्हणाल्या, “पण काही जणांकडे येणारे परत आलेच नाहीत. सवय मोडली.”

मंडळाची इथे एक खास रीत होती. पूर्वी मुले रंग लावून आत जात. एकदा विस्मरणाने पछाडलेली एक आजी ते पांढरे चेहरे पाहून किंचाळली आणि तासभर थरथरत राहिली. तेव्हापासून रंग त्यांच्या समोर बसून लावायचा, असे बाईंनी ठरवले. म्हणजे माणूस आधी दिसतो, मग सोंग.

पंचवीस-तीस चाकांच्या खुर्च्या अर्धगोल लावल्या होत्या. रंगाऱ्याने पहिल्या मुलीचा चेहरा पांढरा केला आणि डोळे काढायला पेन्सिल उचलली. पुढच्या ओळीत एक गोरी, वाळून काडी झालेली आजी मान छातीवर टाकून बसली होती. परिचारिका म्हणाली होती, की यांना स्वतःचे नाव आठवत नाही. त्या आजीने हात पुढे केला. रंगाऱ्याला कळेना. त्याने पेन्सिल तिच्या हातात दिली. आजीने दुसऱ्या हाताने मुलीची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, आणि पापणीच्या कडेने एक रेघ ओढली. मघापर्यंत कापणारा हात जरासुद्धा हलला नाही. मग दुसरा डोळा. मग बोटाने मुलीला ‘उठ, पुढची’ अशी खूण. अशा तिने सहा मुली केल्या. नंतर कळले, ती चाळीस वर्षे केस कापण्याचे आणि साजशृंगाराचे दुकान चालवीत होती. त्या गावात एके काळी काळ्या बाईला तिच्या दुकानात पाऊल टाकता आले नसते, हे बाईंनी मला रात्री सांगितले. मुलींना सांगितले नाही.

गाणी सुरू झाली. सगळे गहिवरले असे लिहिणे सोपे आहे. एक आजोबा मोठ्याने कुरकुरले, की आमची बेसबॉलची मॅच कोणी बंद केली, आणि खुर्ची ढकलत निघून गेले. तीन-चार जण झोपले होते. एका बाईने कार्यक्रमभर माझा पदर घट्ट धरून ठेवला. मी साडी नेसले होते. तिला बहुतेक कापड आवडले असावे. पण जुने भजन लागले तेव्हा शब्द विसरलेली माणसे ओठ हलवू लागली. समोर मुलांचे ओठ हलताहेत, आवाज नाही. इकडे यांचे हलताहेत, आवाज नाही. मला माझी आई आठवली. शेवटची दोन वर्षे ती बोलत नव्हती. मी रोज तिच्याजवळ बसून भरमसाट बोलत असे, कारण गप्प बसण्याची मला भीती वाटे.

नॅचेझहून साठेक मैलांवर सेंट फ्रान्सिसव्हिल. त्याच्या अलीकडे ६६ नंबरचा रस्ता फुटतो. वीसेक मैल झाडीतून वळणे घेत जातो आणि एका फाटकाशी संपतो. पुढे रस्ताच नाही. हे अँगोला, लुइझियाना राज्याचा सर्वांत मोठा तुरुंग. १८ हजार एकर, तिन्ही बाजूंनी मिसिसिपी नदी. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाहून मोठा. पूर्वी इथे मळा होता. त्यावरचे गुलाम आफ्रिकेतल्या ज्या भागातून आणले, त्याचे नाव जागेला पडले. मी गेले त्या वर्षी तिथे चार हजारांच्या आसपास कैदी होते. बहुसंख्य काळे, आणि अनेक जण तासाला काही सेंट मजुरीवर शेतात राबणारे. लुइझियानात जन्मठेप म्हणजे जन्मठेपच, १९७९ पासून तीत पॅरोल नाही. म्हणून तिथे कैद्यांनी कैद्यांची शेवटची शुश्रूषा करण्याचा विभाग १९९८ पासून आहे. शवपेट्याही तेच बनवतात. प्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम २०१८ मध्ये वारले, ते पुरले गेले अँगोलाच्या कैद्यांनी बनवलेल्या साध्या लाकडी पेटीत.

आम्ही आत गेलो नाही, फाटकाबाहेरचे संग्रहालय पाहिले. १९९१ मध्ये शेवटची वापरलेली विजेची खुर्ची तिथे मांडून ठेवली आहे. शेजारी आठवणीच्या वस्तूंचे दुकान. ‘अँगोला: अ गेटेड कम्युनिटी’ असे छापलेले टी-शर्ट तिथे विकतात. मुलांपैकी कोणी काही घेतले नाही. रंगारी संग्रहालयात आलाच नाही, गाडीत बसून राहिला. मला वाटले, ऊन लागले असेल.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम लुइझियानातल्याच एका दुसऱ्या, लहान तुरुंगात होता. त्याचे नाव देत नाही. का, ते पुढे कळेल.

आदल्या रात्री सभागृहात बाईंनी नियम वाचून दाखवले. सगळ्यांची नावे, जन्मतारखा सहा आठवड्यांपूर्वीच कळवून झाल्या होत्या. चौकशी होऊन मंजुरी आली ती तेवढ्यांनाच. माझे नाव त्यात असणे शक्य नव्हते. कैद्यांशी हस्तांदोलन चालेल, मिठी नाही. आडनाव सांगायचे नाही, त्यांचे विचारायचे नाही. गुन्हा तर नाहीच नाही. काचेचा आरसा न्यायचा नाही. रंग लावून फाटकाशी यायचे नाही, कारण ओळखपत्रावरचा चेहरा आणि खरा चेहरा जुळला पाहिजे. रंग आत लावायचा आणि बाहेर पडण्यापूर्वी धुवायचा. हातमोजे जाताना मोजणार, येताना मोजणार.

“अकरा जोड्या,” बाई म्हणाल्या.

मी म्हटले, “बारा ना?”

कोणी उत्तर दिले नाही. मग रंगारीच म्हणाला, “मिस आई, मी तुमच्याबरोबर बाहेर आहे.”

त्याचे वडील त्याच तुरुंगात होते. तो सहा वर्षांचा असताना गेले, तीस वर्षांची शिक्षा. तो वर्षातून दोनदा सहा-सहा तास गाडी चालवून त्यांना भेटायला जातो. भेटीला येणाऱ्यांच्या यादीत ज्याचे नाव असते, त्याला त्या तुरुंगात सेवेकरी म्हणून जाता येत नाही. दोन्हींपैकी एक यादी निवडायची. सेवेकऱ्यांच्या यादीत गेला, तर मुलगा म्हणून भेटणे बंद. “त्यांनी मला कधी माइम करताना पाहिलेलं नाही,” तो म्हणाला. “भेटीच्या टेबलाशी उभं राहता येत नाही. फोनवर सांगतो. फोनवर माइम कसा सांगणार?” आणि स्वतःच हसला. पण चौथे गाणे त्याने बसवले होते, हालचालीन् हालचाल त्याची. ते तरी आत जाणार होते.

त्या रात्री त्याने अकरा जणांना एकमेकांचे चेहरे रंगवायला शिकवले. आरसा नाही, म्हणून समोरच्याकडे पाहूनच स्वतःचा अंदाज घ्यायचा. रात्री एकपर्यंत चालले होते.

तुरुंगाच्या आवारात थांबायला बंदी. मंडळी आत गेल्यावर आम्ही दोघे रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर गेलो. तिथेच गळाला लावायची गांडुळे विकण्याचे दुकान, बाहेर पत्र्याचे छप्पर आणि एक लाकडी बाक. ऊन असे, की डांबर मऊ पडले होते. आत बराकींत वातानुकूलन नाही, प्रार्थनागृहात आहे. म्हणून आज गर्दी होईल, असे बाईच सकाळी हसत म्हणाल्या होत्या. “गारव्याला आले तरी चालतील. आलेले काय कमी?”

कार्यक्रम दोनला सुरू होणार होता. रंगारी घड्याळ पाहत होता. “पहिलं गाणं,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, “दुसरं.” मी गप्प होते. खरे सांगायचे तर विचारण्यासारखे पुष्कळ होते. त्या माणसाने काय केले होते, हेही. पण मी ते विचारले नाही, आणि इथेही लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. ज्याच्यावर त्याने अन्याय केला असेल, त्याच्या घरीही कोणी बाकावर बसून घड्याळ पाहत असेल, एवढे मात्र मनात आले.

दोन वाजून बावीस मिनिटांनी तो उठला. खिशातून हातमोजे काढले आणि घातले. पत्र्याखाली, पेट्रोलच्या नळ्यांच्या बाजूला, तारेच्या कुंपणाकडे तोंड करून त्याने ते गाणे केले. रंग नाही, ध्वनिफीत नाही. मला गाणे पाठ झाले होते, म्हणून कळत होते कुठले कडवे चालले आहे. एक हात वर जातो आणि अडतो, जणू छत लागले. दुसरा हात त्याला खाली ओढतो. मग तळवे भिंत चाचपत जातात, आणि एका जागी भिंत नसते. तिथे तो पुरती दोन मात्रा थांबला. ट्रकमध्ये पेट्रोल भरणारा एक गोरा माणूस हातात नळी धरून पाहत राहिला. त्याची टाकी भरून नळी खट्कन बंद झाली, तरी तो हलला नाही. शेवटी त्याने टोपीला हात लावला आणि निघून गेला. रंगारी धापा टाकत बाकावर येऊन बसला. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

मंडळी आली ती चारनंतर. कानांमागे, केसांच्या कडेला पांढरे राहून गेलेले. कैद्यांची मोजणी जुळेना, म्हणून कार्यक्रम चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाला होता. म्हणजे हा इकडे पत्र्याखाली गाणे करत होता, तेव्हा आत मुले अजून एकमेकांचे डोळेच काढीत होती. ते ऐकून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

मग प्रश्नांची सरबत्ती. भिंत नसलेल्या जागी थांबलात का? किती थांबलात? दोन मात्रा की एक? एक मुलगी म्हणाली, दोन. दुसरी म्हणाली, दीडच, हिने घाई केली. आत दोनशेच्या आसपास माणसे होती, सगळ्यांचे कपडे एकसारखे. कोण कोणाचे, कसे कळणार? बाई गाडीत पुढे बसल्या होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, “चौथ्या गाण्यानंतर एक जण उभा राहिला. विचारलं, हे कोणी बसवलं? मी म्हटलं, आमच्या एका मुलानं, तो बाहेर आहे. त्यानं मान हलवली आणि खाली बसला. नियमात तेवढंच बसत होतं.”

गाडीत क्षणभर कोणी बोलेना.

“उंच होता?” रंगाऱ्याने विचारले.

दोघी म्हणाल्या, उंच. एक म्हणाला, छे, मध्यम. बाईंना विचारले तर म्हणाल्या, “मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते रे.” तुरुंगातून त्याला फोन येतो तो रविवारी. त्या रविवारी मी परतीच्या विमानात होते.

रात्री सभागृहाच्या मागच्या मोरीत मी पाणी काढले आणि सगळ्यांनी हातमोजे आणून टाकले. धुवायला निघाले ते रोजच्यासारखे चोवीसच. त्यांतल्या दोनांवर रंग नव्हता, ऑइलचे काळे डाग होते. ते काही निघाले नाहीत.